धावून येऊ न शकलेला देवदूत

श्रोतेहो, नमस्कार. पुरातून कुणी कुणाला वाचवले, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र त्याला देवदूत म्हणते, कारण देवदूत धावून येणारच अशी आपली समजूत असते. आजच्या देवदूताला मात्र धावून यायचे आहे, पण येता येत नाही.

जर्मन लेखक वाल्टर बेन्यामिन यांनी १९२१ मध्ये म्युनिक येथे पॉल क्ले यांचे 'आंगेलुस नोवुस', म्हणजे 'नवा देवदूत', हे चित्र एक हजार मार्कांना विकत घेतले. जेमतेम ३२ सेंटिमीटर उंचीच्या कागदावर टपोऱ्या डोळ्यांची, पंख उभारलेली ती आकृती आहे. त्याच नावाचे नियतकालिक काढण्याचा त्यांचा बेत होता. तो तडीस गेला नाही. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले, ज्यू असलेल्या बेन्यामिन यांना देश सोडावा लागला आणि काही वर्षांनी चित्रही त्यांच्यापाठोपाठ पॅरिसला पोहोचले. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसजवळ आल्या, तेव्हा त्यांनी ते चित्र आणि आपली हस्तलिखिते जॉर्ज बाताय यांच्या हवाली केली. बाताय राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरीला होते. त्यांनी तो ठेवा तिथेच लपवला. ग्रंथपालांचे ऋण आपण फार कमी मानतो, असे मला नेहमी वाटते. चित्र वाचले, ते आज जेरुसलेमच्या संग्रहालयात आहे. बेन्यामिन मात्र वाचले नाहीत. सप्टेंबरमध्ये पिरेनीज पर्वत ओलांडून ते स्पेनच्या हद्दीतील पोर्तबू गावी पोहोचले आणि आपल्याला परत पाठवले जाणार हे कळल्यावर त्यांनी तिथेच आयुष्य संपवले.

त्याच वर्षी त्यांनी या चित्रावर लिहिले होते. इतिहासाच्या देवदूताचे तोंड भूतकाळाकडे आहे. आपल्याला जिथे घटनांची मालिका दिसते, तिथे त्याला पायाशी ढिगारे रचत जाणारा एकच महाविनाश दिसतो. थांबावे, मेलेल्यांना उठवावे, मोडलेले सांधावे, असे त्याला वाटते. पण स्वर्गाकडून सुटलेले वादळ पंखांत असे भरले आहे, की ते मिटता येत नाहीत. लक्षात घ्या, त्याची पाठ भविष्याकडे आहे, आणि तो पाठमोराच भविष्यात ढकलला जातो. त्या वादळालाच आपण प्रगती म्हणतो.

पूर्व जर्मनीचे नाटककार हायनर म्युलर यांनी १९५८ मध्ये या देवदूताला उलटे फिरवले. त्यांच्या अभागी देवदूताचे तोंड भविष्याकडे आहे, पण तेच भविष्य समोर तुंबून त्याचे डोळे चेपते, मागून भूतकाळाचा दगडधोंडा पंखांवर कोसळतो आणि तो गाडला जाऊन शिळा होतो. कितीतरी काळाने त्या शिळेतून पंखांची थरथर उमटते.