मंगळवारी साडेपाच वाजता

घरच्या कटकटींनी पोळलेल्या एखाद्या मुलाचा ‘दादा’ किंवा ‘ताई’ व्हायला जे स्वयंसेवक पुढे येतात, त्यांतले बहुतेक जण मला आधी एकच विचारतात, की त्या मुलाशी बोलायचे तरी काय. प्रश्न रास्त आहे, मात्र त्याआधी मी त्यांना एक विचारतो : पुढचे वर्षभर, दर आठवड्याचा ठरलेला एक तास तुम्हाला खरोखर काढता येईल का?

हा आग्रह धरण्याचे कारण सांगतो. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था मूल आणि स्वयंसेवक मार्गदर्शक अशा जोड्या जुळवण्याचे काम दीर्घकाळ करीत आली आहे. 10 ते 16 वयोगटातील 959 मुलामुलींवर केलेली तिच्या कामाची पाहणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांची जोडी लावून दिली होती, निम्म्यांना दीड वर्ष प्रतीक्षायादीत ठेवले होते. जोडी मिळालेल्यांमध्ये अमली पदार्थांना हात लावणाऱ्यांचे प्रमाण 46 टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा सगळे आनंदाने सांगतात. पण तीच माहिती पुन्हा तपासून 2002 मध्ये जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी जे दाखवले, ते फारसे कुणी सांगत नाही. सर्वाधिक लाभ झाला तो वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांना. ज्यांचा मार्गदर्शक तीन महिन्यांच्या आत निघून गेला, त्यांची स्वतःविषयीची भावना उलट खालावली. म्हणजे अर्ध्यावर सोडणाऱ्यापेक्षा न आलेला बरा.

ज्या घरात बाप कधी परतेल आणि परतल्यावर कोणत्या अवस्थेत असेल हे सांगता येत नाही, तिथला मुलगा मोठ्यांच्या शब्दाला किंमत देत नाही, आणि त्याचा अनुभव पाहता त्यात त्याचे काही चुकत नाही. चौदा वर्षांच्या एका मुलासाठी मी दर मंगळवारी साडेपाचला वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसत असे. पहिले पाच आठवडे तो समोरच्या पानटपरीपाशी उभा राहून मला बघत राहिला, जवळ काही आला नाही. सहाव्या आठवड्यात येऊन त्याने विचारले, “सर, तुम्हाला याचे पैसे मिळतात का?” मी नाही म्हणालो. “मग कशाला येता?” शोभेल असे उत्तर सुचले नाही, म्हणून म्हटले, “आज मंगळवार आहे ना.” त्यावर तो हसला आणि आम्ही वडापाव खाल्ला. अभ्यासाचा विषय निघाला तो त्यानंतर दोन महिन्यांनी, तोही त्यानेच काढला.

त्याच्या वडिलांविषयी वाईट बोलू नका. तो स्वतः रात्रभर बापाला शिव्या देत असला, तरी तुमच्या तोंडून एक शब्द निघाला की तो बापाचीच बाजू घेईल. मोबाइल घेऊन देणे, उसने पैसे देणे हेही टाळावे. नाते एकदा देण्याघेण्यावर आले की परत आणता येत नाही.

एका गोष्टीत मात्र ढिलाई चालणार नाही. “कुणाला सांगणार नाही, शपथ घ्या,” असे मूल म्हणाले, तर शपथ घेऊ नका. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे 2012 च्या पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 19 नुसार बंधनकारक आहे. “तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत मागावी लागेल, पण तुला सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही,” हे पहिल्या-दुसऱ्या भेटीतच स्पष्ट करावे. मदतीसाठी 1098 हा बालकांच्या हेल्पलाइनचा क्रमांक मुलालाही पाठ हवा.

आणि वर्ष संपताना गुपचूप गळून जाऊ नका. दोन महिने आधी शेवटची तारीख सांगा, त्याच्या वहीत लिहून द्या. मी तसे केल्यावर माझा तो मंगळवारचा मुलगा रुसला आणि दोन मंगळवार आलाच नाही. शेवटच्या भेटीला तो चाळीस मिनिटे उशिरा, टपरीच्या दिशेने आला, आणि मी पायरीवर आहे हे पाहून मगच त्याने रस्ता ओलांडला.