जेलवर न उमटलेल्या पट्ट्याचा हिशेब

मित्रहो, १९९० साली आरएपीडी आणि १९९५ साली एएफएलपी या पद्धती प्रसिद्ध झाल्या. ज्या वनस्पतीच्या जनुकसंचाविषयी आधी काहीच ठाऊक नाही, तिच्याही डीएनएतील शेकडो जागा त्यामुळे थोड्या खर्चात तपासता येऊ लागल्या. रानातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्यांना ही सोय फार मोलाची वाटली, आणि मलाही ती तशीच वाटते. या पद्धतींत डीएनएचे तुकडे जेलच्या थरावर वेगळे केले जातात आणि तुकडा असेल तिथे पट्टा दिसतो; असा पट्टा म्हणजे डीएनएतील एका जागेची खूण, एक चिन्हक. परंतु हे चिन्हक प्रभावी असतात, म्हणजे झाडातील त्या जागेच्या दोन प्रतींपैकी एकीनेही पट्टा उमटतो. जेलवर पट्टा उमटला, तर पट्टा देणाऱ्या प्रती त्या झाडात दोन आहेत की एकच, हे कळत नाही. जनुकप्रकार, म्हणजे दोन्ही प्रती कोणत्या हे, कळतो तो पट्टा नसलेल्या झाडाचा, कारण त्याच्या दोन्ही प्रती अप्रभावी, म्हणजे पट्टा न देणाऱ्या, असतात.

म्हणून सगळा हिशेब न उमटलेल्या पट्ट्यावर उभा राहतो. ५० झाडांपैकी ८ झाडांत पट्टा नसेल, तर त्यांचे प्रमाण ०.१६ येते आणि त्याचे वर्गमूळ, म्हणजे ०.४, ही अप्रभावी युग्मविकल्पीची (त्या जागेच्या पट्टा न देणाऱ्या रूपाची) समूहातील वारंवारता आपण धरतो. हे वर्गमूळ हार्डी-वाइनबर्ग समतोलाच्या आधारावर काढलेले असते (त्यात दोन्ही प्रती अप्रभावी असलेल्या झाडांचे प्रमाण वारंवारतेच्या वर्गाइतके असते), म्हणजेच त्या समूहात परागण यादृच्छिक होते असे आपण न बोलता मान्य केलेले असते. समजा, समूहात स्वपरागण बरेच आहे आणि अंतःप्रजनन गुणांक (स्वतःशी वा नात्यातल्या झाडांशी होणाऱ्या संयोगाचे माप, यादृच्छिक परागणात शून्य) ०.५ आहे, तर खरी वारंवारता ०.४ च असूनही पट्टा नसलेली झाडे १६ नव्हे, २८ टक्के अपेक्षित असतात आणि वर्गमूळ ०.५३ येते. शेजारच्या दरीतील समूह पूर्णपणे परपरागित असेल, तर दोन्हींच्या वारंवारता सारख्याच असताना केवळ प्रजननपद्धतीतील फरक आपल्या तक्त्यात जनुकीय भेद म्हणून नोंदवला जाईल.

लहान नमुन्याची अडचण निराळी आहे. दहा झाडांत पट्टा नसलेले एकही झाड नसेल तर उत्तर शून्य, एक सापडले तर थेट ०.३२, मधली पायरीच नाही. लिंच आणि मिलिगन या संशोधकांनी १९९४ साली अंदाजसूत्रात दुरुस्ती सुचवली आणि पट्टा जवळजवळ सर्वच झाडांत दिसतो अशा जागा वगळण्याचा सल्ला दिला. ३० झाडांच्या नमुन्यात पट्टा असलेल्या झाडांच्या प्रमाणाची ही मर्यादा ०.९ येते. हा सल्ला जपून पाळावा असे माझे मत आहे, कारण त्याने कमी विविधतेच्या जागाच गाळल्या जातात आणि समूह आहे त्याहून अधिक विविध भासतो.

होल्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली बेझच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने (तीत अनिश्चितता संभाव्यतेच्या रूपात मांडतात) अंतःप्रजनन गुणांक आधीच गृहीत न धरता त्याची अनिश्चितता भेदाच्या अंदाजात सामावून घेतली. खुद्द गुणांक अशा चिन्हकांतून भरवशाने मिळत नाही, पण समूहांमधील भेदाचा अंदाज त्या मानाने टिकतो.

चीड, देवदार अशा सूचिपर्णी वृक्षांत मात्र वर्गमूळ टाळता येते. त्यांच्या बीजात गर्भाभोवती असलेली पोषक ऊती एकगुणित (प्रत्येक जागेची एकच प्रत असलेली) असते आणि ती केवळ मातृवृक्षाकडून येते. तिथे पट्टा आहे म्हणजे ती प्रत आहे, नाही म्हणजे नाही. एका झाडाची आठ बीजे तपासली, तर विषमयुग्मजी (दोन प्रती वेगवेगळ्या असलेले) झाड नजरेतून निसटण्याची शक्यता १२८ मध्ये १ एवढीच उरते.