‘कशाचा?’ : वावराच्या मोजणीतले अपूर्णांक

मित्रहो, आजचा विषय ‘अपूर्णांकी बाजूंच्या क्षेत्रफळाची शाब्दिक उदाहरणे’ असा जाहीर झाला आहे. परंतु त्याआधी मला एका प्रत्ययाविषयी बोलायचे आहे. माझे ठाम मत आहे, की मुले या उदाहरणांत गुणाकारापाशी नव्हे, तर ‘चा-ची-चे’पाशी अडतात.

मी सहावीत असताना परीक्षेत प्रश्न होता : अडीच एकर वावराचा 3/4 भाग बागायत आहे आणि त्या बागायतीच्या 2/3 भागात केळी आहे, तर केळीखाली किती क्षेत्र? मी वावराचे चार समान पट्टे काढले, तीन पाण्याखालचे म्हणून रंगवले, त्या तिघांतल्या दोहोंवर ‘केळी’ लिहिले, म्हणजे निम्मे वावर, आणि उत्तर मांडले : सव्वा एकर, अर्थात 50 गुंठे. गुरुजींनी ‘रीत नाही’ असा शेरा मारून शून्य दिले. चौथीपर्यंत शिकलेल्या वडिलांनी कंदिलाच्या उजेडात ती आकृती पाहिली आणि एवढेच म्हणाले, ‘‘उत्तर बरोबर शे.’’ त्या शून्याचे दुःख मला आजही आहे, कारण ती आकृती हीच रीत होती : 2/3 हे वावराचे नव्हेत, बागायतीचे, ही गोष्ट तिच्यात डोळ्यांना दिसत होती. ज्यांनी थेट अडीच एकरांचे 2/3 काढले, त्यांचा गुणाकार अचूक होता, ‘कशाचे?’ हा प्रश्न मात्र त्यांनी विचारला नव्हता.

आपण चाळीसगावात बसलो आहोत, आणि जवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापलेल्या मठाचा शिलालेख सापडला, हे आपणास ठाऊक आहेच. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त एक कृपण याचकाला द्रम्म या नाण्याच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग देतो. द्रम्माच्या 1280 कवड्या. याचकाच्या हाती एक कवडी पडते. येथेही सारे गणित ‘च्या’वर तोललेले आहे. पावकी, निमकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, साडेतीन यांचे पाढे, म्हणत वाढलेले ज्येष्ठ येथे बसले आहेत. त्यांनी आता औटकी सुरू केली, तर हे छप्पर दणाणेल!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर विषय थोडक्यात मांडतो. मोजणीची जुनी साखळी 33 फुटांची, आणि तेवढ्या बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा. तुकडा अडीच साखळ्या लांब आणि पावणेदोन साखळ्या रुंद असेल, तर मुले 2 × 1 आणि 1/2 × 3/4 एवढेच मिळवून 2 3/8 लिहितात. आयत काढून पूर्ण व अपूर्ण भागांच्या सीमेवर दोन रेषा ओढा, म्हणजे चार खंड दिसतील : 2, 1 1/2, 1/2 आणि 3/8. बेरीज 4 3/8 गुंठे. मुलांनी मधले दोन पट्टे, म्हणजे पुरे दोन गुंठे, गमावलेले असतात.

उलट प्रश्नालाही हीच आकृती पुरते. क्षेत्र पावणेचार गुंठे आणि लांबी अडीच साखळ्या असेल, तर रुंदीच्या प्रत्येक साखळीमागे अडीच गुंठे भरतात. पहिल्या साखळीत अडीच संपले, उरलेले सव्वा त्या अडीचाचे निम्मे. म्हणून रुंदी दीड साखळी, म्हणजे साडेएकोणपन्नास फूट.