बांबूच्या बनातली तलवार

(पडद्यावर बांबूचं बन. फक्त वाऱ्याचा आवाज.)

अजून कुणी तलवार उपसलेली नाही. उंच बांबूंमधून उन्हाच्या तिरिपा खाली उतरल्यात. खाली दोन बाजू समोरासमोर उभ्या आहेत, आणि कुणीच हलत नाहीये.

हा क्षण घाईघाईत पुढे ढकलू नका. चिनी तलवारपटांची खरी गोडी इथंच आहे.

हा १९७१ सालचा तैवानी चित्रपट, 'अ टच ऑफ झेन'. दिग्दर्शक किंग हू. काळ मिंग राजवटीचा. दरबारातला एक खोजा सर्वेसर्वा होऊन बसलाय आणि त्याचे हेर एका निष्ठावान अधिकाऱ्याच्या मुलीच्या मागावर आहेत. ती एका ओसाड गढीत लपून राहते. शेजारी एक गरीब चित्रकार. त्याची आई सारखी मागे लागलेली, परीक्षा दे, लग्न कर. जवळजवळ तासभर लढाई नाहीच. तीन तासांहून लांब चित्रपटात एवढी वाट बघायला लावायची, याला दमसास लागतो.

आणि मग हे बन.

(लढाईचं दृश्य, संथ गतीने.)

सहकाऱ्याच्या आधाराने ती उसळते, बांबूच्या शेंड्याशी पोचते आणि तलवार पुढे धरून थेट खाली सूर मारते. डोळ्यांना ती एक सलग झेप वाटते, पण तशी ती चित्रित झालेलीच नाही. मी हा प्रसंग एकेक चौकट थांबवून पाहिला. वर जाणारं शरीर, सळसळणारी पानं, खाली येणारं पातं, असे ते वेगवेगळे तुकडे आहेत. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी धावतात. यातले काही तुकडे मूठभर चौकटींचे आहेत. डोळ्याला नीट दिसायच्या आत ती निघून जाते, म्हणून ती उडाली यावर आपला विश्वास बसतो. नुसता हा प्रसंग चित्रित करायला २५ दिवस लागले होते.

किंग हूंचा जन्म बीजिंगचा, १९३२चा. तिथल्या ऑपेराचं वेड लहानपणापासूनचं. त्या रंगभूमीवर लढाई तालावर चालते. छोट्या ढोलाचा वादक सगळ्यांना बांधून ठेवतो, झांजा आणि थाळ्या त्याच्या मागून येतात, आणि नट कोलांट्या घेत समेवर येऊन जागच्या जागी थिजतो. या थिजण्याला 'ल्यांगश्यांग' म्हणतात. हूंचे लढाई-दिग्दर्शक हान यिंग-ज्ये याच रंगभूमीवर घडलेले. म्हणून त्यांच्या चित्रपटांत मारामारी कधी गोंगाट होत नाही. वार, विराम, नजर, पुन्हा वार. कान उघडे ठेवले की ठेका सापडतो.

(खानावळीचं दृश्य.)

त्याआधीचा, १९६६चा 'कम ड्रिंक विथ मी'. खानावळीत पुरुषी वेशातली एक तरुणी एकटी बसली आहे. भोवती दरोडेखोर. ते तिला डिवचतात, ती बसल्या जागेवरूनच उत्तर देते. चंग पेइ-पेइ तेव्हा अवघी विशीची होती. शिकलेली होती बॅले नृत्य, आणि ते तिच्या मनगटात दिसतं. चिनी बोलीत या खानावळींच्या, वाटसरूंच्या, कायद्याबाहेरच्या जगाला 'ज्यांगहू' म्हणतात. शब्दशः अर्थ नद्या आणि सरोवरं. मला हा शब्द फार आवडतो. तिथं राजाची आज्ञा पोचत नाही, दिलेला शब्द मात्र पाळावाच लागतो.

२००० साली आंग ली यांनी 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' केला. त्याला चार ऑस्कर मिळाली. त्यातली सूडाने पेटलेली म्हातारी खलनायिका ओळखली का? तीच चंग पेइ-पेइ, ३४ वर्षांनंतर.

(पुन्हा बांबूचं बन. या वेळी हिरवंगार, शेंड्यांवर.)

आणि हे दुसरं बन, किंग हूंना केलेला नमस्कारच. इथं भिस्त तुकड्यांवर नाही, नट खरोखर उंचावर तारांना लटकलेत. तारा नंतर संगणकावर पुसल्या. लढाई बसवली युएन वू-पिंग यांनी. झांग झियीची तरुणी चवताळून वार करते आहे, तिच्या भाराने बांबू लवतोय, आणि तिला तोल सावरता येत नाही.

आता तिच्यासमोर उभ्या असलेल्या नटाच्या, चाव युन-फॅटच्या पायांकडे बघा. फांदी हलते, तो तिच्याबरोबर हलतो. तलवार हातात आहे, पण वार करायची त्याला अजिबात घाई नाही.

(आवाज फक्त पानांचा.)