कंटेनर, उधारी आणि हंगाम : बुडापेस्टमधले चिनी व्यापारी

मंडळी, हंगेरीतल्या चिनी व्यापाराची सुरुवात व्हिसापासून होते. १ जानेवारी १९८९ पासून चिनी नागरिकांना हंगेरीत जायला व्हिसा लागेनासा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगच्या तियानानमेन चौकात निदर्शकांवर लष्करी कारवाई झाली, चीनमधले धंदे मंदावले आणि लोक बीजिंगहून रेल्वेनं मॉस्को, तिथून बुडापेस्ट असे निघाले. १९९० आणि ९१ या दोन वर्षांत जवळपास ४० हजार जण आले. एप्रिल १९९२ मध्ये व्हिसा पुन्हा लागू झाला, तेव्हा पुष्कळ जण शेजारच्या देशांत पांगले.

राहिले त्यांनी केएफटी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी काढली. तेव्हा किमान भांडवल १० लाख फोरिंट (हंगेरीचं चलन). राहण्याचा परवाना कंपनीच्या आधारावर मिळे, म्हणून एका माणसाच्या दुकानालाही कंपनीचा कागद असे.

पहिला माल आला तो बॅगांमधून. जॅकेट, कॅनव्हासचे बूट, मोजे. सरकारी दुकानांची साखळी मोडत होती, महागाईनं पेन्शन खाल्लं होतं आणि स्वस्त कपडा कुठेच नव्हता. ती गरज बुडापेस्टच्या योझेफवारोश भागातल्या बाजारानं भागवली. कोबान्याई रस्त्यालगतच्या रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यावर तो उभा राहिला आणि 'चार वाघ' म्हणून ओळखला गेला. तिथले बरेच गाळे म्हणजे जहाजाचे जुने कंटेनरच. पहाटे घाऊक गिऱ्हाईक, दुपारपर्यंत आवराआवर. गाळ्यांवर चिन्यांबरोबर व्हिएतनामीही असत.

खरा धंदा मात्र गाळ्याच्या मागे चाले. ४० फुटी कंटेनरमध्ये साधारण ६७ घनमीटर जागा असते. ६०×४०×४० सेंटिमीटरचे खोके नीट रचले, तर सहाशेच्या वर बसतात. खोक्यात दाबून २० जॅकेटं धरली, तर एका खेपेला बारा हजार नग. समुद्रमार्गे महिना-सव्वा महिना, वर बंदरातला खोळंबा वेगळा. म्हणून हिवाळ्याचा माल उन्हाळ्यातच जहाजावर चढवावा लागे. जॅकेटं डिसेंबरअखेर पोचली तर हंगाम गेलेला असे, आणि पुढचा कंटेनर मागवायला हातात पैसा नसे. मापांचाही घोळ होई: चिनी साच्यातला 'लार्ज' हंगेरियन माणसाच्या खांद्यात बसत नसे. अनुभवी आयातदार नमुन्याचा कपडा कारखान्यात पाठवून साचा बदलून घेत.

चीनमधल्या वेन्झोऊ, चिंगतियान आणि फुजियान या भागांतून आलेल्या लोकांची ताकद मला उधारीच्या साखळीत दिसते. कारखाना आयातदाराला मुदत देई, आयातदार घाऊकवाल्याला, घाऊकवाला गाळेवाल्याला. विकला गेला की पैसे. बहुतेक व्यवहार गावच्या, नात्यातल्या ओळखीवर चालत. साखळी एका जागी तुटली की मागचे सगळे अडकत.

आणि ती चलनानंही तुटे. माल डॉलरमध्ये घ्यायचा, विकायचा फोरिंटमध्ये. १२ मार्च १९९५ ला सरकारनं फोरिंटचं ९ टक्के अवमूल्यन जाहीर केलं, आयातीवर ८ टक्के अधिभार लावला, आणि यापुढे फोरिंट दर महिन्याला थोडा थोडा उतरवत नेऊ असंही सांगितलं. ज्यानं आधीच्या दरानं मोठी उधारी दिली होती, त्याची वसुली येईतो नफा आटला. तेव्हापासून रोख घेणाऱ्याला कमी भाव आणि उधार घेणाऱ्याला चढा, हे शहाणपणाचंच होतं.

स्वस्ताईचं सगळं श्रेय करचुकवेगिरीला देणं मला अन्यायाचं वाटतं. सीमाशुल्क वाचवायला मालाची किंमत कमी दाखवण्याचे प्रकार झाले, हे खरं आहे. पण बारा हजार नग एका हंगामात खपवायला आधी पोहोच लागते, आणि ती या माणसांनी पहाटे उठून उभी केली. त्यापायी कित्येकांनी लहान मुलं हंगेरियन आजीबाईंकडे सांभाळायला ठेवली. ती मुलं हंगेरियन बोलायला शिकली.

२००४ मध्ये हंगेरी युरोपीय संघात गेला, सीमाशुल्काचे दर संघाचे झाले. १ जानेवारी २००५ ला कापड-कपड्यांच्या आयातीवरचा जागतिक कोटा (ठरवून दिलेली मर्यादा) उठला आणि मोठ्या साखळी दुकानांनी थेट चीनमधून माल उचलायला सुरुवात केली. गाळेवाल्याचं गिऱ्हाईक तिथे वळलं. 'चार वाघ' २०१४ मध्ये बंद झाला. घाऊकवाले तोवर आसपासच्या बंदिस्त व्यापारी केंद्रांत सरकले होते. ज्यांच्याकडे पुढच्या कंटेनरपुरतं भांडवल उरलं नव्हतं, त्यांनी जेवणाची छोटी दुकानं थाटली किंवा परतीची वाट धरली.