सोडवून आणलेली माणसं

(दृश्य: भिंतीतली फळी. त्यावर रबर लावलेलं फुगीर बायबल.)

हे बायबल आता मिटत नाही. पानं फुगलीत, कडा मातकट झाल्यात, रबर काढला की ते आपोआप उघडतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात आभाळ फाटलं. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. या घरात ते कमरेएवढं होतं. काकूंनी रात्र गच्चीवर काढली. पाणी उतरल्यावर गाळातून त्यांनी आधी हे पुस्तक बाहेर काढलं आणि पंख्याखाली एकेक पान सुटं करत चार दिवस वाळवलं.

त्यातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४३ वा अध्याय काकूंना पाठ आहे. भिऊ नको, मी तुला सोडवलं आहे, तुला नावानं हाक मारली आहे, तू माझा आहेस. आणि पुढे: पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत.

(दृश्य: इतवारी, सराफा ओळ. तराजू.)

‘सोडवलं’ या शब्दापाशी जरा थांबू या. विदर्भातल्या घरात तो समजावून सांगावा लागत नाही. पेरणीच्या तोंडावर गळ्यातली पोत गहाण पडते. कापूस विकला की माणूस सराफाकडे जातो, मुद्दल आणि व्याज मोजून देतो. सराफ चिठ्ठी जुळवतो, कपाटातून पुरचुंडी काढून पुढे सरकवतो. पोत आपलीच होती, तरी पैसे भरल्याशिवाय हाती येत नव्हती.

बायबलच्या जुन्या करारात हे सोडवण्याचं काम जवळच्या नातलगाचं. इब्री भाषेत त्याला ‘गोएल’ म्हणतात. भाऊबंद कर्जापायी जमीन विकून बसला, किंवा पोटासाठी स्वतःलाच विकून बसला, तर नातलगानं किंमत भरून सोडवावं, असं लेवीयच्या २५ व्या अध्यायात आहे. बवाजानं आपल्या नात्यातल्या नामीची जमीन सोडवली ती याच नात्यानं, आणि नामीच्या विधवा सुनेशी, मवाबातून आलेल्या रूथशी, लग्न करून तिला घर दिलं.

ख्रिस्ती विश्वास सांगतो की देव स्वतः आपला गोएल झाला. म्हणून तर त्याला आधी माणसाच्या रक्तामांसात यावं लागलं; सोडवायला नातं लागतं. आणि किंमत? येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात लिहितो, सोन्यारुप्यानं तुमची सुटका झाली नाही, ख्रिस्ताच्या रक्तानं झाली. मला तारणाच्या साऱ्या शिकवणीत हे नातंच सगळ्यात जवळचं वाटतं.

(दृश्य: पावसाळी नाला. टाकळघाटचा परिसर.)

पण मग नद्या बुडवणार नाहीत, या वचनाचं काय? नागपूरच्या ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्न टाळता येत नाही. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये स्कॉटलंडहून इथे आले. त्यांनी शाळा काढली, दगडांतले जीवाश्म शोधले, गोंडांची माहिती टिपून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ ला ते टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतत होते. रात्रीची वेळ, नाल्याला पूर. देवावर भरवसा ठेवून जगलेला हा माणूस त्या पाण्यात बुडाला. वय ४५. गोंडांवरचे त्यांचे अपुरे कागद रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६६ मध्ये छापले. हिस्लॉपांच्या नावाचं कॉलेज नागपुरात १८८३ पासून आहे.

मी हे काकूंना सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “अरे बापा, ‘गेलास तर’ असं कुठी लिहून हाय का? ‘जाशीन तवा’ असं हाय. पानी त येनारच.”

यशयातले हे शब्द ज्यांना सांगितले, त्यांचं यरुशलेम जळून गेलं होतं आणि ते बाबेलमध्ये कैदेत होते. पाणी आधीच त्यांच्या गळ्याशी आलेलं होतं. पौलही रोमकरांस लिहिताना उपासमार, उघडेपण, तलवार अशी यादीच देतो आणि म्हणतो, यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकणार नाही. त्या रात्री नाल्यानं हिस्लॉपांचा जीव घेतला. ज्यानं त्यांना सोडवलं होतं त्याच्या हातून मात्र ते निसटले नाहीत. आम्ही हे मनापासून मानतो.

(दृश्य: पुन्हा काकूंचं घर. संध्याकाळ.)

आता मृग लागला की काकू रेशन कार्ड, घराची कागदपत्रं, नातवाची गुणपत्रिका पिशवीत बांधून वरच्या फळीवर चढवतात. तांदळाची कोठीही माळ्यावर जाते. बायबल तेवढं खाली येतं. रात्री ते त्यांच्या उशाशी असतं.