डिस्क सापडेपर्यंत : लिनक्स सुरू होताना लागणारी तात्पुरती मेमरी

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, उद्यमनगर आणि शिरोलीकडची बरीच मंडळी समोर दिसत आहेत, म्हणून तुमच्याच कामापासून सुरुवात करतो. फाउंड्रीत धातू थंड झाला की वाळूचा साचा फोडतात आणि तीच वाळू पुढच्या साच्यासाठी घेतात. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली सुरू होताना मेमरीत असेच घडते. संगणक किती सेकंदांत सुरू झाला हे आपण हौसेने मोजतो, परंतु सुरू होताना घेतलेली मेमरी त्याने किती स्वच्छपणे परत केली, हे पाहण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मूळ अडचण अशी आहे. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आपली मुख्य फाइल सिस्टीम (फाइलींची मांडणी) डिस्कवरून घ्यायची असते, पण त्या डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर बहुतेकदा त्याच डिस्कवर मॉड्यूल, म्हणजे गरजेनुसार चढवायचा सुटा भाग, म्हणून ठेवलेला असतो. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर पासवर्ड विचारणारा प्रोग्रामही कुलपाच्या आतच राहतो. यावरचा उपाय म्हणून ग्रबसारखा बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम, फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या) मदतीने डिस्क वाचून कर्नलसोबत एक लहानसा, कॉम्प्रेस केलेला संचही मेमरीत आणून ठेवतो. हाच इनिटरॅमएफएस. त्यात गरजेपुरते ड्रायव्हर, काही हत्यारे आणि ‘इनिट’ नावाचा प्रोग्राम असतो.

या संचाबद्दलच्या अज्ञानाची किती किंमत मोजावी लागते, हे मी एका प्रयोगशाळेत पाहिले आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. तिथल्या एका संगणकाचा मदरबोर्ड बदलला. त्या यंत्रावरचा इनिटरॅमएफएस ड्राकट या संच बनवणाऱ्या साधनाने जुन्या बोर्डापुरताच, म्हणजे होस्ट-ओन्ली पद्धतीने बनवलेला होता. नव्या बोर्डावरच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यात नव्हता. साहजिकच मुख्य फाइल सिस्टीम सापडली नाही आणि पडद्यावर आणीबाणीचा शेल, म्हणजे कमांड टाइप करण्याची जागा, उघडला. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी तो काळा पडदा पाहून ‘डिस्क गेली’ असा निकाल दिला आणि सगळे फॉरमॅट करून टाकले. मुलांचे वर्षभराचे प्रकल्प त्यात गेले. डिस्क धडधाकट होती! ग्रबच्या यादीत ‘रेस्क्यू’ नावाची नोंद होती, तिच्या संचात सगळ्या प्रकारचे ड्रायव्हर होते. ती निवडून यंत्र सुरू करायचे आणि नवा संच बनवायचा, एवढेच काम होते. तो शेल उघडला याचा अर्थ कर्नल जिवंत आहे, मेमरी शाबूत आहे आणि फक्त डिस्कपर्यंतची वाट सापडलेली नाही, एवढाच होतो. हे प्रत्येक संगणक शिक्षकाने मुलांना पहिल्याच वर्षी सांगितले पाहिजे.

वेळ संपत आल्याची खूण आयोजक करत आहेत, त्यामुळे कबूल केलेला मुख्य भाग, म्हणजे सुरू होताना मेमरी कशी घेतली आणि परत केली जाते, तो आता थोडक्यात सांगतो.

फर्मवेअरकडून मेमरीचा नकाशा मिळाल्यावर कर्नल आधी ‘मेमब्लॉक’ नावाच्या साध्या व्यवस्थेतून जागा वाटतो आणि नंतर तो कारभार मेमरीचे तुकडे वाटणाऱ्या कायमच्या पेज अ‍ॅलोकेटरकडे सोपवतो. जुन्या इनिटआरडी पद्धतीत मेमरीतच ठरावीक आकाराची एक खोटी डिस्क उभारली जाई आणि तिच्यातला मजकूर वाचताना पेज कॅशमध्ये, म्हणजे डिस्कवरून वाचलेला मजकूर मेमरीत साठवण्याच्या जागेत, त्याची दुसरी प्रत तयार होई. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 कर्नलपासून ही उधळपट्टी टळली: सीपीआयओ स्वरूपातला, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेला, संच थेट रूटएफएसमध्ये, म्हणजे मेमरीतल्याच सुरुवातीच्या फाइल सिस्टीममध्ये, उलगडला जातो आणि मूळ कॉम्प्रेस केलेल्या प्रतीची जागा मोकळी होते. मग पहिल्या क्रमांकाची प्रोसेस (चालू प्रोग्राम) म्हणून ‘इनिट’ चालतो, ड्रायव्हर चढवतो आणि खरी फाइल सिस्टीम जोडतो. रूटएफएस अनमाउंट करता, म्हणजे जोडणी सोडवून काढून टाकता, येत नाही. म्हणून ‘स्विच-रूट’ हा प्रोग्राम त्यातल्या फाइली पुसून मेमरी सोडवतो आणि डिस्कवरच्या खऱ्या इनिटला तोच पहिला क्रमांक देऊन चालवतो. फक्त सुरुवातीला लागणारा कर्नलचा स्वतःचा कोडही असाच काढून टाकला जातो. किती किलोबाइट मोकळे झाले, ती ओळ कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’ (dmesg) कमांडने आज घरी गेल्यावर वाचून पाहा.

आणि ड्राकट वापरणाऱ्या यंत्राचा मदरबोर्ड बदलायचा असेल, तर जुना बोर्ड काढण्यापूर्वीच ‘नो-होस्टओन्ली’ (--no-hostonly) हा पर्याय देऊन, म्हणजे एकाच बोर्डापुरता न ठेवता, नवा इनिटरॅमएफएस बनवून ठेवा.